हंगामीचा शिक्का

आमच्या क्लबात मॅनेजरला काढायची एक ठरलेली रीत आहे. लागोपाठ तीन मॅच हरल्या की अध्यक्ष पत्रकारांना बोलावतात, चहा पाजतात आणि म्हणतात, "आमचा मॅनेजरवर पूर्ण विश्वास आहे." हे वाक्य ज्या दिवशी पेपरात येतं, त्या दिवशी मॅनेजरची बायको सामान बांधायला घेते. मागचा मॅनेजर तर इतका हुशार निघाला की विश्वासाची बातमी वाचून तो थेट गाडीत बसला आणि राजीनामा रस्त्यातूनच फोनवर पाठवला. त्याचे बूट अजून आमच्याकडेच आहेत. आठ नंबर, कुणाला हवे असतील तर.

काढल्यानंतरची रीतही ठरलेली. क्लबचे चिटणीस जिना उतरून खाली कपडे धुवायच्या खोलीत येतात. दोन्ही मशीन गरगरत असतात, त्यांच्यावर आवाज चढवून ते म्हणतात, "बाई, वर या." बाई म्हणजे माझी आत्या. आत्या हात पुसते, वर जाते, पाच मिनिटांत खाली येते. हातात मॅनेजरच्या खोलीची किल्ली आणि एक पत्र. पत्रात तिच्या नावापुढे जांभळा शिक्का: हंगामी.

हो, शिक्का. पहिल्या दोन वेळा चिटणिसांनी तो शब्द हातानं लिहिला. तिसऱ्या वेळी रबरी शिक्काच करून घेतला. एखाद्या बाईला तात्पुरतं ठेवायची इतकी पक्की सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दोनचार मॅच होतात, आत्या टीमला सावरते, मग एक 'कायम' मॅनेजर येतो, आत्या किल्ली परत देते आणि मशीनमध्ये मोजे टाकते. या वेळी ही तिची सहावी खेप होती.

चिटणिसांना आम्ही वेलांटीकाका म्हणतो. तोंडावर नाही. कुणी एक शब्द चुकीचा बोललं की त्यांना चटका बसतो. टीममध्ये सगळे 'सीझन' म्हणतात, मी पण. काका दर वेळी कळवळतात, "सीझन नव्हे पोरी, हंगाम. आपला शब्द आहे, वापरला तर झिजत नाही." हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आत्या क्लबात बारा वर्षं आहे. जर्सी, मोजे, बॉल, शिट्ट्या, सगळं सामान तिच्या ताब्यात. त्याआधी ती स्वतः खेळायची, बचावात, डाव्या बाजूला. गुडघा गेला तेव्हा रडत बसायच्या ऐवजी तिनं कोचिंगची परीक्षा दिली. मॅनेजर लोक देतात तीच, आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली. सर्टिफिकेट फ्रेम करून धुण्याच्या खोलीत मशीनच्या मागे लावलंय, कारण खिळा मोकळा तेवढाच होता. वाफेनं खालची सही पुसली, मार्क मात्र अजून दिसतात.

मी तिच्याकडेच राहते. नववीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. गणिताच्या सरांचं चुकलेलं गणित मी फळ्याशी जाऊन दाखवलं, एवढंच. जरा जोरात दाखवलं. आता मॅचच्या दिवशी मी मैदानामागच्या पाण्याच्या टाकीवर चढते आणि समोरच्या टीमकडे बघत बसते. मध्यंतराला खाली उतरले की आत्या एकच विचारते, "काय दिसलं?"

या वेळच्या पहिल्या मॅचला मला दिसलं की त्यांचा डावीकडचा बचाववाला थ्रो टाकण्याआधी कधी कधी मोजे वर ओढतो, आणि मोजे ओढले की बॉल हमखास मागे गोलकीपरकडे टाकतो. आत्यानं आमच्या पुढच्या पोराच्या कानात सांगितलं, "त्याच्या मोज्यांवर डोळा ठेव." सत्तराव्या मिनिटाला मोजे वर गेले, आमचं पोरगं मध्ये घुसलं, गोल. दुसरी मॅच पण जिंकलो. तिसरी पण.

तिसऱ्या मॅचनंतरच्या सोमवारी मला साबणाच्या पावडरच्या डब्यात एक पाकीट सापडलं. आत्या लपवायच्या गोष्टी तिथेच ठेवते, तिला वाटतं मी कपडे धुवायला कधी हात लावणार नाही. वाटतं ते बरोबरच आहे, पण मी बिस्किटं शोधत होते. पत्र दूरच्या एका मुलींच्या क्लबाचं होतं. कोचची नोकरी, राहायला खोली, आणि 'कायम' हा शब्द दोनदा. उत्तर शुक्रवारपर्यंत.

"हे काय?" मी पाकीट नाचवलं.

"डब्यात हात घातलास ना, आता एक मशीन लाव."

"आत्या!"

ती स्टुलावर बसली. गुडघा चोळत म्हणाली, "ऐक. या वेळी मी रीतसर अर्ज करणार. आजवर कधी केला नाही, वाटायचं त्यांना दिसतंय ना, देतील आपण होऊन. डोंबलाचं दिसतंय. दिली तर इथेच. नाही दिली तर शुक्रवारी तिकडे हो म्हणायचं आणि या किल्ल्या टेबलावर ठेवायच्या. सातव्यांदा हंगामी व्हायला मी काही राखीव पाण्याची टाकी नाही."

"जिंकलीस ना तिन्ही? देणारच."

"तुझ्या तोंडात साखर पडो. मशीन लाव."

अर्ज मी लिहिला, कारण आत्याचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून पळालेली. आकडे मी काढले. सहा खेपांत मिळून बावीस मॅच, सोळा जिंकल्या, चार बरोबरीत, दोन हरल्या. पुढं काय करणार त्याची दोन पानं. वेलांटीकाकांनी अर्ज दोनदा परत केला. एकदा 'सीझन' लिहिलं म्हणून, एकदा 'नियुक्ती'ची पहिली वेलांटी दीर्घ झाली म्हणून.

"काका, नोकरी मॅनेजरची आहे का वेलांटीची?" मी म्हटलं.

"अशुद्ध अर्ज मी समितीपुढे ठेवत नाही," काका म्हणाले आणि लाल पेनानं शेवटचा स्वल्पविराम सरळ केला. तिसऱ्या खेपेला त्यांनी घेतला.

मंगळवारी समितीची बैठक झाली. बैठकीची खोली बरोबर आमच्या डोक्यावर आहे आणि मधल्या पाइपातून सगळं ऐकू येतं. समिती म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष, ज्यांचं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान आहे. त्यांचे जावईबापू, जे लॅपटॉप उघडून बसतात. आणि वेलांटीकाका. आत्या तेव्हा जर्सीवर गरम प्रेसनं आकडे चिकटवत होती.

पाइपातून काकांचा आवाज आला, "बाईंचाही अर्ज आहे. आकडे चांगले आहेत. पुरुष असत्या तर आपण एव्हाना..."

"चिटणीस," अध्यक्ष म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. पुढचा अर्ज घ्या."

जावईबापू खो खो हसले. लॅपटॉपसुद्धा हसला असेल.

 आत्यानं प्रेस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरली. सातचा आकडा वितळून एकासारखा दिसायला लागला. ती जर्सी तिनं बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

माझं डोकं असं फिरलं की मी बाहेर जाऊन गोलपोस्टला लाथ मारली. अंगठा सुजला. त्या सुजेतच मला ती कल्पना सुचली. मिशा हव्यात ना? घ्या मिशा.

संध्याकाळी मी आत्याचा अर्ज पुन्हा केला, या वेळी टाइप करून. शब्द न् शब्द तोच. काकांनी तपासलेली प्रत्येक वेलांटी जशीच्या तशी. फक्त 'खेळले'चं 'खेळलो' आणि 'गेले'चं 'गेलो' केलं, क्लबचं नाव गाळून 'एका नामांकित क्लबात' असं टाकलं, पुढे 'श्री.' लावलं, आणि आडनाव म्हणून आमच्या कपडे धुवायच्या मशीनच्या कंपनीचं नाव दिलं. फोटोही आत्याचाच, लायसन्सवरचा, केस मागे बांधलेला. त्यावर काळ्या पेनानं मिशा काढल्या. जाड, टोकाला वर वळलेल्या. अर्जाची मुदत बुधवार सकाळपर्यंत होती, रात्रीच तो काकांच्या दाराखालून आत सरकवला. मला वाटलं फोटो बघून ओळखतील, चिडतील, जरा लाज वाटेल, विषय संपेल.

नाही ओळखलं.

बुधवारी दुपारी फळ्यावर यादी लागली. मुलाखतीला तीन जण. एक नंबरला माझे मिशीवाले साहेब. दोन नंबरला कुणीतरी परदेशात कोर्स करून आलेला. तीन नंबरला जावईबापूंचा कॉलेजचा मित्र. खाली एक रेघ, आणि रेघेखाली 'प्रतीक्षेत' असं लिहून आत्या, चौथी. नावापुढे सवयीनं जांभळा शिक्का मारलेला.

मी फळ्यापुढे उभी राहून बोटानं नावं मोजली. मिशीवाला नसता तर आत्या तिसरी होती.

लपवून ठेवणं मला जमत नाही, डोकं दुखतं. मी खाली गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती ओला टॉवेल फेकून मारेल. तिनं टॉवेल खाली ठेवला. मग मशीनला टेकून हसायला लागली, इतकी की डोळ्यातून पाणी आलं.

"म्हणजे माझी जागा माझ्याच मिशांनी खाल्ली की गं!"

"सॉरी, आत्या."

हसू एकदम संपलं. "सॉरी मला नको. उद्या मुलाखतीला जायचं आणि त्यांना सांगायचं की असा कुणी माणूसच नाही. मेला म्हण, काही म्हण, पण खोटा माणूस माझ्या नावावर पुढे जाता कामा नये."

"आणि तुझं?"

"माझं शुक्रवारी," ती म्हणाली आणि साबणाच्या डब्यावरचं झाकण घट्ट केलं.

बैठकीच्या खोलीत नवीन फरशी बसत होती, म्हणून मुलाखती अध्यक्षांच्या दुकानात ठेवल्या होत्या. तिथला जरा मोकळा भाग म्हणजे कमोडचा विभाग. ओळीनं चौदा कमोड, पांढरे, गुलाबी, एक काळा सोनेरी कडेचा. समितीला तीन खुर्च्या मिळाल्या होत्या. उमेदवारानं बसायचं एका झाकण लावलेल्या कमोडवर. मी मांजरासारखी बेसिनच्या रांगेमागे दबून उभी राहिले.

परदेशी कोर्सवाला आत होता. अंगात सूट, मांडीवर लॅपटॉप, खाली कमोड. भिंतीवर लॅपटॉपमधलं चित्र पडलं होतं, नुसते बाणच बाण.

"माझा भर," तो सांगत होता, "बॉल आपल्याकडे नसताना आपण मनानं कुठे असतो, यावर आहे."

"वा!" जावईबापू म्हणाले.

"आणि बॉल आपल्याकडे असताना?" काकांनी विचारलं.

"तो माझ्या प्रेझेंटेशनचा दुसरा भाग आहे. त्याला वेगळे दोन तास लागतील."

दोन तास कुणी दिले नाहीत. तो उठला तेव्हा कमोडचं झाकण त्याच्याबरोबर थोडं उचललं गेलं आणि धाडकन आपटलं. अध्यक्ष लगेच म्हणाले, "काही होत नाही, दहा वर्षं गॅरंटी आहे." मॅनेजरला कधी दिली नाही ती.

मग काकांनी यादी बघून हाक मारली, "पुढील उमेदवार!"

मी पुढे झाले.

"तू काय करतेस इथे?" अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आम्ही साहेबांची वाट बघतोय. जबरदस्त माणूस आहे तो. बावीसमधल्या सोळा जिंकल्यात."

"साहेब इथेच आहेत," मी म्हटलं. मी बसले नाही. काउंटरवर काकांच्या पुढ्यात तो अर्ज पडलेला होता, फोटो वर. मी माझा अंगठा फोटोतल्या मिशांवर ठेवला. सुजलेला पायाचा, हा हाताचा. "आता बघा. ओळखता येतंय?"

तिघंही वाकले. आधी काकांचा चेहरा पडला. मग जावईबापूंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना सर्वात उशीर लागला.

"ही तर आपली बाई!"

"अंगठा काढला की साहेब," मी म्हटलं, "ठेवला की बाई. अंगठा काढला की एक नंबर, ठेवला की चौथा. आकडे तेच आहेत, काका. शब्द पण तेच. तुम्हीच तपासलेत."

"तरीच," काकांच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हणत होतो, इतका शुद्ध अर्ज आजकाल लिहितो कोण."

"ही फसवणूक आहे!" अध्यक्षांनी काउंटरवर थाप मारली. "पोरी, तुला क्लबात पाऊल ठेवू देणार नाही."

"ठीक आहे, नका देऊ. मिशा माझ्या, शिक्षा मला. पण साहेब बाद झाले ना? मग रेघेखालचं नाव रेघेवर घ्या. तिनं तर काही फसवलेलं नाही."

अध्यक्ष हसले. दुकानदाराचं हसू, भाव कमी होणार नाही असं सांगणारं. "हे बघ, माझं बाईंशी काही वैर नाही. पण त्या हंगामी आहेत. हंगामी माणसाला मॅनेजरच्या खुर्चीत कायम ठेवता येत नाही. घटनेत बसत नाही ते."

"कुठल्या घटनेत?"

"क्लबच्या! माझ्या वडिलांनी लिहिलेली आहे."

"दाखवा."

"चिटणीस, दाखवा हिला. एकदाचं तोंड बंद होऊ दे."

काकांनी पिशवीतून एक जाडसर वही काढली. कापडी पुठ्ठा, पानं पिवळी, दोन पानं एकमेकांना चिकटलेली. काकांनी ती फुंकर घालून, पट्टीच्या कडेनं हळूच सोडवली. म्हणजे आजवर ती कुणी उघडली नव्हती. त्याच वेळी दाराची काच ढकलून आत्या आत आली. गळ्यात शिट्टी, पायात सरावाचे बूट, चिखलासकट. चकचकीत फरशीवर तिच्या पावलांची नक्षी उठत गेली.

"तुझी जीभ मला माहीत आहे," ती मला म्हणाली, "म्हणून सराव सोडून आले. सांगितलंस का?"

"श्शू. काका वाचतायत."

काकांना वाचायला मिळालं की ते उभे राहतात. चष्मा लावून, गळा साफ करून त्यांनी सुरुवात केली. "कलम चौदा. संघाच्या व्यवस्थापकाची नेमणूक हंगामी राहील..."

"ऐकलंस?" अध्यक्ष म्हणाले. "हंगामी!"

"...आणि हंगाम पूर्ण होईपर्यंत," काका त्याच सुरात पुढे गेले, "त्यास पदावरून..." आणि थांबले. त्यांनी ओळीखाली पट्टी धरून ती पुन्हा वाचली.

"पुढे?" मी म्हटलं.

"त्यास पदावरून दूर करता येणार नाही."

दुकानाच्या पलीकडच्या टोकाला कुणा गिऱ्हाइकानं फ्लश दाबून बघितला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

मला आधी नीट कळलं नाही. मग कळलं, आणि मी काउंटरपाशी सरकले. "काका, सीझन नव्हे. काय म्हणायचं?"

"हंगाम," काका सवयीनं म्हणाले.

"मग हंगामी म्हणजे?"

काकांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा असा झाला होता की मलाच वाईट वाटलं, आणि मला सहसा वाटत नाही. "तात्पुरता हा एक अर्थ," ते हळू म्हणाले. "पण मूळ अर्थ, हंगामाचा. थोरल्या साहेबांना म्हणायचं होतं, मॅनेजर दर हंगामाला नेमायचा आणि अख्खा हंगाम ठेवायचा. मध्येच काढायचा नाही." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "बाई, मी तो शिक्का करून घेतला. सहा वेळा मारला. सहाही वेळा तुम्ही अख्ख्या हंगामाच्या मॅनेजर होतात. आणि मी दर वेळी तुमच्याकडून किल्ली परत घेतली. मी. शब्दाचा अर्थ न बघता."

"आणि जे कायम असतात त्यांचं कलम कुठलं?" जावईबापूंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही विचारलं असेल.

काकांनी पानं मागेपुढे केली. "कायम हा शब्दच घटनेत नाही. ते आपल्या मनानं आलं. त्यांना कुठलंच संरक्षण नाही, कधीही काढा."

म्हणजे बारा वर्षं आमच्याकडे कायम होते ते तीन महिन्यांत घरी गेले, आणि जिला काढताच येत नव्हतं ती खाली मोजे धूत होती. मी हसले असते, पण आत्याकडे बघितलं आणि हसू आलं नाही. ती हाताच्या मुठीत शिट्टी घट्ट धरून उभी होती.

अध्यक्ष काही बुद्दू नाहीत. बुद्दू माणूस चौदा प्रकारचे कमोड विकू शकत नाही. त्यांनी वही मिटली. मग उठले, काउंटरला वळसा घालून बाहेर आले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत्याला खुर्ची दिली. स्वतःची.

"बसा बाई. बसा हो. झालं गेलं गंगेला मिळालं. बारा वर्षं तुम्ही क्लबसाठी राबलात, आम्हीच आंधळे. आज मी तुम्हाला कायम करतो."

आत्या बसली आणि तिनं मान वर केली.

"हो, कायम. मॅनेजर, कायम. चिटणीस, कागद घ्या. तुमचं ते जुनं हंगामी पत्र द्या इकडे, फाडून टाकू. नवीन आत्ता लिहून देतो."

आत्याच्या ट्रॅकसूटच्या खिशाला चेन आहे. तिथेच ती पत्र ठेवते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, शिट्टीच्या जोडीनं. तिचा हात चेनीकडे गेला. मी तिचा चेहरा बघत होते. हा शब्द तिनं बारा वर्षं कुणाच्या तरी तोंडून ऐकायची वाट बघितली होती, आणि आता तो तिला आयता, हात पुढे करून दिला जात होता. मी ओरडणार होते. तिनं दुसरा हात वर केला, गप्प राहा म्हणून. चेन उघडली. पत्र बाहेर आलं.

"काही काळजी करू नका," अध्यक्ष हात पुढे करून म्हणाले. "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

आत्याचा हात जागच्या जागी थांबला.

"काय म्हणालात?"

"पूर्ण विश्वास..." आणि अध्यक्षांनी स्वतःच ऐकलं ते काय बोलले. जावईबापूंनी डोळे मिटले.

आत्यानं पत्र पिशवीतून काढून उघडलं, जांभळा शिक्का नीट बघितला, पहिल्यांदाच बघतेय तसा. घडी घातली, पिशवीत ठेवलं, चेन लावली. मग खुर्चीतून उठली.

"राहू दे साहेब. मी हंगामीच बरी."

"अहो, पण कायम..."

"कायमवाल्यांचे बूट आहेत माझ्याकडे. सहा जोड. अजून एकवीस मॅच आहेत, तोवर मला काही लागणार नाही. लागलंच तर हंगाम संपल्यावर काकांना शिक्का घेऊन खाली पाठवा." मग मला, "चल गं. आणि मिशांचा तो फोटो घे, माझा लायसन्सचा आहे."

काकांनी फोटो स्वतः उचलून तिला दिला. मान खाली घालून, दोन्ही हातांनी.

बाहेर पडून आम्ही पन्नास पावलं आलो. मग तिनं माझा कान धरला, जोरात पिरगाळला आणि सोडला.

"हा मिशांचा," ती म्हणाली. थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "कायम म्हणाला गं तो. चारचौघांत म्हणाला."

"मनातून नाही म्हणाला."

"माहितेय मला. मूर्ख नाहीये मी. पण कानानं ऐकलं ना." तिनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि चालायचा वेग वाढवला. गुडघा असा गेलेला असताना ती इतकी भरभर चालते की मला पळावं लागतं.

शुक्रवारी तिनं मुलींच्या क्लबाला पत्र लिहिलं. म्हणजे मी लिहिलं. 'या हंगामात जमणार नाही.' सीझन नाही लिहिलं.

आता गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं, पण आम्ही पुढची मॅच हरलो. त्याच्या पुढची पण. तिसरी तर अशी हरलो की टाकीवरून मला सुद्धा काही दिसलं नाही, चार गोल सोडून. सोमवारी वरून कपबश्यांचा आवाज आला. अध्यक्षांनी पत्रकार बोलावले होते. पाइपातून सगळं ऐकू येत होतं.

"आमचा मॅनेजरवर..." अध्यक्ष म्हणाले, आणि वाक्य कसं पुरं करावं ते त्यांना कळेना. सवयीचं वाक्य, पण पुढे काही करता येणार नव्हतं. शेवटी म्हणाले, "...मॅनेजर आहेत. चहा घ्या."

आत्या तेव्हा मशीनमागचं सर्टिफिकेट काढत होती. आम्ही ते वर मॅनेजरच्या, म्हणजे तिच्या, खोलीत नेलं. चार भिंती बघितल्या. खुणा होत्या, डाग होते, कुणीतरी पेनानं बाणही काढले होते, पण खिळा एकही नव्हता. इतक्या मॅनेजरांपैकी एकाचाही इथे खिळा ठोकण्याएवढा मुक्काम झाला नव्हता.

"जा, हातोडी आण," आत्या म्हणाली. "आणि जाता जाता काकांना विचार, खिळा ऱ्हस्व का दीर्घ."